बिनशिशाचा टाका

आमच्या देवणीत जनावराची जात विचारल्याशिवाय दाव्याला कुणी हात लावत नाही. तोंडाच्या बाजू काळ्या तो वानेरा, निखळ पांढरा तो बालंक्या, अंगावर काळे ठिपके तो शेवरा. शेंबडं पोरगंही लांबून सांगेल. माझ्या दारात ना गोठा ना बैल, तेव्हा जातकुळी सांगत मिरवायची हौस मी सोल्डरच्या तारेवर भागवतो. ६०-४० म्हणजे साठ भाग कथील, चाळीस भाग शिसं, ही घरोघरची. ६३-३७ जरा वरच्या घराण्यातली. बरोबर १८३ अंशांना वितळते, तिथंच थिजते, मधे रेंगाळत नाही. आणि आमच्या घरात नवी आली ती बिनशिशाची: ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी, अर्धा टक्का तांबं. एवढं उच्च कुळ आमच्या उंबऱ्याला सोसलं नाही.

ती आली माझ्या दातांमुळं. बिघडलेली वस्तू उघडली की मला तीन हात लागतात. एका हातात सोल्डरिंगची गन, दुसऱ्यात सर्किट, आणि तार दातात. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, शिसं मेंदूला घातक, लेकरांना तर फारच, असं फळ्यावर लिहून पोरांकडून वहीत उतरवून घेतलं, आणि संध्याकाळी घरी येऊन तेच शिसं चघळत बसलो. अधूनमधून त्याच बोटांनी चिवडा. पुण्याची लेक नातवाला घेऊन सुट्टीला आली, तिनं हा सोहळा बघितला आणि मला काही न बोलता आईकडं बघितलं. ही म्हणाली, "मी कवाच सांगायची सोडले."

मी बचावाला पंखा पुढं केला. धूर तोंडावर येऊ नये म्हणून मी पंखा लावूनच बसतो. त्यावर लेकीनं माझंच विज्ञान माझ्या ताटात वाढलं. शिसं उकळायला सतराशे अंशांच्या वर जावं लागतं. गनच्या तापानं त्याची वाफ होत नाही. धूर असतो तारेच्या पोटातल्या राळेचा. तो छातीला वाईट, पण शिसं पोटात जातं ते बोटांवरून. म्हणजे तार दातातून काढणं आणि चिवड्याआधी साबणानं हात धुणं, एवढ्यात काम भागत होतं. पण विज्ञानाच्या माणसाला साबणाइतका स्वस्त उपाय पटत नाही. मी बिनशिशाचं रीळ मागवलं.

रीळ आल्यावर मी घरात छोटंसं व्याख्यान दिलं. युरोपनं १ जुलै २००६ पासून नव्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंतलं शिसं बंद केलं. आपल्याकडं ई-कचऱ्याचे नियम २०११ साली निघाले आणि १ मे २०१४ पासून टीव्ही-संगणकासारख्या नव्या मालात शिशाला ०.१ टक्क्याची मर्यादा आली. नियम कारखान्यांना होते, आमच्यासारख्या हौशी डॉक्टरांना कुणी हटकलेलं नव्हतं, दुकानात ६०-४० आजही मिळते. तरी मी आपण होऊन युरोपच्या रांगेत उभा राहिलो. या सगळ्यातलं हिनं एकच वाक्य उचललं. "चांदी किती मनलाव?" पन्नास ग्रॅमच्या रिळात तीन टक्के, म्हणजे दीड ग्रॅम. तिनं रीळ हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं आणि परत ठेवलं. तेव्हापासून ते उघड्यावर पडलेलं तिला खपेना.

पहिलं गिऱ्हाईक मेहुणा. त्याच्या सोयाबीनला रानडुकरांचा त्रास, म्हणून बांधाला तार ओढून झटका मशीन बसवलेलं. मशीन बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. आतला कपॅसिटर भरतो, सेकंदाला एकदा ट्रान्सफॉर्मरमधून रिता होतो, आणि तारेत काही हजार व्होल्टचा क्षणभराचा ठोका जातो. डुक्कर मरत नाही, नुसतं विचारात पडतं. ठोका चालू असला की टिक, टिक आवाज येतो. तो बंद पडला होता.

"दाजी, डुकरं बांधावर यून वाट बगलालेत," मेहुणा म्हणाला. "उदगीरला टाकू का दुकानात?"

उदगीरला कशाला, मी आहे ना! हे वाक्य आमच्या घरात निघालं की ही आत जाऊन मेणबत्ती शोधून ठेवते.

झाकण काढल्याबरोबर दोष सापडला, हे मात्र मी छातीवर हात ठेवून सांगेन. ट्रान्सफॉर्मरच्या जाड पायाभोवती केसासारखी गोल चीर. ड्राय सोल्डर. एक टाका मारला की झालं. मी निर्धास्तपणे पायाला बोट लावून तो हलतो का बघितलं. मशीन बंद होतं, बॅटरी काढलेली होती, पण कपॅसिटर जागा होता. डुकराला नेमकं काय वाटत असेल ते मला त्या एका ठोक्यात कळलं. खुर्ची मागं, मी तिच्या मागं, चिवडा सगळीकडं. आतून ही म्हणाली, "सुरू झालं का मशीन?"

मग कपॅसिटर रीतसर रिता करून मी गन तापवली. तापवली म्हणजे लावून ठेवली. संध्याकाळची वेळ, शिवारात सगळ्यांच्या मोटारी सुरू, आणि मीटरवर १७० व्होल्ट. इथं थोडं गणित. गनची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० व्होल्टला २५ वॅटची असलेली गन १७० ला जेमतेम १४ वॅटची उरते. ६३-३७ ला १८३ अंश पुरतात, ही चांदीवाली २१७ पर्यंत दाद देत नाही. वर ट्रान्सफॉर्मरचा पाय जाड तांब्याचा. जेवढी धग द्यावी तेवढी गट्ट करतो. आणि धूर नको म्हणून लावलेला पंखा राहिलेली धग उडवत होता, हे माझ्या ध्यानात यायला बराच वेळ गेला. तार बिटला, म्हणजे गनच्या टोकाला, लावली की बिटच गार व्हायची. तार नुसती वाकायची. आता शिसं नाही म्हणून मी ती पुन्हा निर्धास्त दातात धरली, तर राळेची अशी कडू चव लागली की मी न खाल्लेला चिवडाही आठवला.

शेवटी मी सोपा मार्ग धरला. रात्री दोनला गाव झोपलं की व्होल्टेज वर येतं. गजर लावून उठलो. मीटरवर २३८. गन अशी तापली की बिट लावताच थेंब वितळून पायाभोवती छान पसरला. अगदी पायाला बिलगून, कडेला उतरता, टेकडीसारखा. गन काढली, थेंब थिजला. आणि मळकट, खरखरीत, राखाडी झाला.

माझी सगळी हयात ६०-४० मध्ये गेलेली. टाका चकाकला पाहिजे, मळकट दिसला तर तो ड्राय, ही गोष्ट मी किती पोरांना छडी दाखवून शिकवली असेल. मी पुन्हा गन लावली. पुन्हा मळका. पुन्हा. आणखी तार घातली, जास्त वेळ धरली, फुंकर मारून थिजवला. अखेर एक गुळगुळीत, चकचकीत गोळा तयार झाला. त्यात ट्रान्सफॉर्मरचा पाय जवळपास दिसेनासा झाला, हे मला तेव्हा कौशल्य वाटलं. मी समाधानानं पाय हलवून बघितला. पाय हलला नाही. त्याच्याखालची तांब्याची प्रिंटच पीसीबीवरून सालपटासारखी उचलून आली.

सकाळी मेहुणा दारात. मी "किरकोळ काम राहिलंय" म्हटलं. तो माझ्याशी बोललाच नाही, सरळ स्वयंपाकघरात गेला. "अक्का, जुन्या साड्या हायत का?" आमच्याकडं डुकरं दचकावीत म्हणून पिकाभोवती जुन्या साड्या ताणायची पद्धत आहे, वाऱ्यानं हलतात, रंग दिसतात. हिनं जुनं गाठोडं सोडलं. मेहुणा म्हणाला, पुरणार न्हाईत. मग कपाट उघडलं. दोन दिवाळीच्या साड्या, एक माझ्याच सेवापूर्तीच्या कार्यक्रमात मिळालेली, हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत मोटरसायकलला बांधून शेताकडं गेलं. जाताना ही त्याला म्हणाली, "चांदीची तार हाय घरात, ती ताणतुस का?"

मशीन घेऊन मी उदगीरला गेलो. दुकानातला पोरगा माझाच विद्यार्थी निघेल अशी धास्ती होती, तो निघाला नाही, त्याचा मोठा भाऊ निघाला. पोरानं भिंग लावून पीसीबी बघितली आणि विचारलं, "सर, बिनशिशाची वापरलाव का?"

मी जरा ताठ झालो. कसं ओळखलंस?

"राखाडी दिसलालंय बगा कडंला. हे असंच दिसतंय, सर. चकाकत न्हाई. हा टाका एकदम बेस्ट बसला आसंल." मग त्यानं भिंग गोळ्याकडं सरकवलं. "पुन्हा का तापीवलाव?"

मी उत्तर दिलं नाही. आपण जणू बाहेरचे आहोत असं दाखवत रस्त्यावरची वाहनं बघितली. त्यानं उखडलेल्या प्रिंटच्या जागी तांब्याची बारीक तार टाकली, ६०-४० नं दोन टाके मारले आणि बॅटरी लावली. टिक, टिक. मग तो उठला, साबणानं हात धुतले आणि चहाला बसला.

बिनशिशाच्या तारेसाठी ठरावीक अंशांवर थांबणारं सोल्डरिंग स्टेशन लागतं, हे त्यानंच सांगितलं. ते मी आणलं. पण स्टेशन १७० व्होल्टला चालूच होईना, म्हणून स्टॅबिलायझर घेतला. स्टॅबिलायझर परवापासून टेबलावर उघडा आहे. आतला रिले चिकटतोय असं मला वाटतं. हिनं मेणबत्ती काढून ठेवली आहे, आणि साड्यांचं कपाट कुलूप लावून बंद केलं आहे.