रुपयाचा प्रश्न आणि किंग हेन्रीज रोड

लंडन,
रविवार, रात्र

ती. आप्पा आणि ती. सौ. आईस,


आप्पा, तुमच्या तगाद्याला यश आलं. "लंडनात राहता अन् बाबासाहेब आंबेडकरांच्या घरी अजून गेला नाहीत?" हे फोनवर ऐकून ऐकून शेवटी आज ह्यांनीच सकाळी बूट घातले. चॉक फार्म स्टेशनात उतरून रेल्वेवरचा पूल ओलांडला की आलाच १०, किंग हेन्रीज रोड.

सगळी घरं भिंतीला भिंत लागून, उंचच्या उंच. आई, पुढं अंगण म्हणशील तर खाटही मावायची नाही, किमती मात्र कोटींच्या. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये इथं राहिले, आणि महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये ते घर विकत घेतलं. हे ऐकल्याबरोबर तुमचा नातू म्हणाला, "म्हणजे आपल्याच सरकारचं ना? मग आपण हॅरोत भाडं कशाला भरतो?" हे घसा खाकरून निळी पाटी वाचायला लागले.

पाटी वाचून झाल्यावर ह्यांचं नेहमीचं सुरू झालं. स्टेशनाबाहेर घेतलेल्या कॉफीचे रुपये किती झाले? इथं येऊन इतकी वर्षं झाली, पण पौंडाला गुणल्याशिवाय ह्यांच्या घशाखाली घोट उतरत नाही. आत गेल्यावर मी मुद्दाम सांगितलं, बाबासाहेबांनी लंडनात प्रबंध लिहिला तोही रुपयाच्या प्रश्नावरच, 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी', १९२३ ला पुस्तक निघालं. ह्यांचा चेहरा असा खुलला की जणू प्रस्तावना ह्यांचीच होती. फरक एवढाच, की त्यांनी रुपयाचं मोल कसं टिकावं याचा विचार केला आणि हे फक्त उसासे टाकतात.

आत पलंग, टेबल, पुस्तकं, चष्मा असं मांडून ठेवलंय. मी जरा वेळ त्या टेबलापाशीच थांबले. एकीकडे डी.एस्सी., दुसरीकडे ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरी, आणि खिशात शाहू महाराजांची मदत, मित्र नवल भथेनांकडून घेतलेले उसने पैसे आणि स्वतःच्या पगारातली शिल्लक. आप्पा, तुम्ही धनंजय कीरांनी लिहिलेलं बाबासाहेबांचं चरित्र वाचून दाखवायचात, त्यातले पापड मला तिथंच आठवले. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात वाचायचं आणि रात्री भूक लागली की पापड भाजून खायचे. आई, तू पाठवलेले उडदाचे पापड मी परवा गॅसवर धरले, तर छतावरचा धुराचा भोंगा असा बोंबलला की खालच्या मजल्यावरच्या बाई चपला न घालता बाहेर आल्या. बाबासाहेबांच्या वेळी हे भोंगे नव्हते ते बरं, नाहीतर ते उपाशीच झोपले असते.

शेजाऱ्यांवरून आठवलं. इथं संग्रहालय नको, माणसांची वर्दळ होते, अशी आसपासच्या काही लोकांची तक्रार होती. कॅमडेन कौन्सिलनं परवानगी नाकारली, चौकशी बसली आणि २०२० मध्ये एकदाची मंजुरी आली. आज वर्दळ म्हणजे आम्ही आणि नागपूरचं एक कुटुंब. तेही इतक्या हळू बोलत होते की मला वाटलं कुणी आजारी आहे. त्या तक्रार करणाऱ्या शेजाऱ्यांना एकदा माऊलींची पालखी माळशिरसला मुक्कामी असते तेव्हा आपल्या ओट्यावर आणून बसवा. पहाटे तीनला नळावरची भांडणं ऐकली की यांची तक्रार कायमची मिटेल.

आता तुम्हाला आवडणार नाही ते. बाबासाहेबांचा प्रबंध परीक्षकांना फार झोंबला म्हणून त्यांना तो पुन्हा लिहून द्यावा लागला, हे ह्यांनी कौतुकानं तुमच्या नातवाला सांगितलं. परवाच त्याचा निबंध शाळेतल्या बाईंनी परत पाठवला होता. हे ऐकल्यापासून स्वारी जमिनीवर नाही. घरी येताना गाडीत म्हणाला, "माझाही झोंबला असेल." विषय होता 'माझी सुट्टी'. आप्पा, तुम्हीच फोनवर त्याला काय ते समजवा, आमचं ऐकत नाही.

निघताना तिथल्या वहीत अभिप्राय लिहायला ह्यांनी इंग्रजी जुळवत पाच मिनिटं घेतली. मी मराठीत दोन ओळी खरडल्या आणि पत्त्याच्या रकान्यात मु. पो. माळशिरस, जि. सोलापूर लिहून मोकळी झाले. प्रवेश फुकट आहे, हे ह्यांनी खास कळवायला सांगितलंय.

पुढच्या वेळी पापड जाडे लाट, आई.

तुमची,
लेक