रंगांचे पाहुणे

ऑक्टोबर लागला की न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना न्यू हॅम्पशायरच्या मावसभावाची एकाएकी आठवण येते. जुलैत फोन न उचलणारे जुने मित्रही ‘कलर्स पीकला आलेत का रे?’ म्हणून विचारपूस करतात. मग कोलंबस डेच्या लाँग वीकेंडला तिथल्या कँकामॅगस हायवेवर गाडीला गाडी लावून सगळे मेपल बघतात. दिवस आखूड झाले, गारठा पडला, की झाड हरितद्रव्य आवरतं घेतं आणि पानं रंगतात. म्हणजे सोहळा झाडाच्या काटकसरीचा, उधळपट्टी पेट्रोलची! इकडे मावसभावाच्या घरी वहिनी पातेलंभर पोहे परतत असतात. (त्यांना रंग दिसतात ते सिंकवरच्या खिडकीतून.) सोमवारी पाहुणे पांगतात. अंगणातला पाचोळा दादा एकटाच ओढत बसतो. फोटोत मात्र त्याला न चुकता टॅग केलेलं असतं.