बाबूजी वावरात गेलेत

विमा एजंट येवो, पोरीला पाहायला पाहुणे येवोत, नाहीतर चावडीवरून कोतवाल येवो, दारातून एकच उत्तर मिळे : "बाबूजी वावरात गेलेत." हे उत्तर द्यायला घरातल्या शेंबड्या पोरालाही विचार करावा लागत नसे. बाबूजी खरोखरच वावरात असत; आणि नसले, तर वावराच्या वाटेवर असत.

दारव्हा, दिग्रस, नेर, कळंब, राळेगाव. यवतमाळ जिल्ह्यातला कुठलाही तालुका घ्या, मागच्या पिढीत गावोगावी असा एक बाबूजी होता. कागदोपत्री तो जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, नाहीतर सोसायटीत गटसचिव. ही नोकरी तो बियाण्या-खताचा खर्च निघावा एवढ्याचसाठी करायचा. शाळेची घंटा होईपर्यंत वावरात त्याचा निम्मा दिवस झालेला असे. वर्गात गणितं क्विंटलात घालायची आणि आभाळ भरून आलं की सगळ्या पोरांना निसर्ग दाखवायच्या नावाखाली बाहेर काढून स्वतः पश्चिमेकडे पाहत उभं राहायचं, ही त्याची अध्यापनपद्धती. साहेब तपासणीला आले तर तेही त्याच्याबरोबर पश्चिमेकडे पाहत. त्यांचंही कुठेतरी वावर असेच.

छपराबद्दल त्याचं मत ठाम होतं : ते कापूस भिजू नये म्हणून असतं. वेचणी सुरू झाली की पुढची खोली आढ्यापर्यंत कापसानं भरे आणि माणसं ओसरीवर येत. घराबाहेर राहण्याची ही खोड जिल्ह्यात जुनीच. लोकनायक बापूजी अणे वणीचे. १९३० मध्ये त्यांनी पुसदला सत्याग्रह केला, तोही राखीव जंगलातलं गवत कापून. इंग्रजांशी भांडायलाही इथे हातात विळा लागला.

वसंतराव नाईकही इथलेच, पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झालं नाही तर मला फाशी द्या, असं त्यांनी १९६५ मध्ये पुण्यात शनिवारवाड्यापुढे जाहीर केलं आणि ती जबाबदारी इकडे बाबूजीनं परस्पर स्वतःच्या अंगावर घेतली. वावरात हायब्रीड ज्वारी आली. भाकर काही केल्या गोड लागेना. म्हातारी ताट सारू लागली की बाबूजी हात जोडून म्हणे, "माय, खाय ना वं. नाई त आपला मानूस फासावर जाईन!" म्हातारी पुटपुटत खायची. मुख्यमंत्री वाचले.

कापसानं मात्र त्याला आयुष्यभर नाचवलं. १९७२ मध्ये सरकारनं कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली आणि घरातली लगीनकार्यं पंचांगाऐवजी चुकाऱ्याच्या भरवशावर ठरू लागली. "मुहूर्त काहाडू, पण चुकारा आल्यावर," हे व्याह्याला सांगताना त्याला संकोच वाटत नसे, कारण व्याहीही चुकाऱ्याचीच वाट पाहत असे. पुढे २००२ मध्ये बीटी आलं. आता बोंडअळी संपली म्हणून त्यानं गल्लीत पेढे वाटले. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळी त्याच बीटीच्या बोंडात आरामात बसलेली सापडली. लग्नाचा अल्बम दाखवावा तशी तो चहाला आलेल्या माणसापुढे बोंडं फोडून ती अळी दाखवत असे.

त्याच हंगामात फवारणीतून विषबाधा होऊन जिल्ह्यातली वीसेक माणसं गेली. या विषयावर बाबूजी विनोद करत नसे. त्यानंतर तो पंप उचलण्याआधी मजुराला मास्क आणि हातमोजे चढवायला लावी, मुठीतली माती सोडून वारा बघे आणि वारा तोंडावर असला की काम थांबवी. मजुरी पूर्ण देई.

त्याच्या बायकोची, म्हणजे काकूंची, तक्रार अशी की संसारात आपल्याला नवऱ्याची पाठच जास्त दिसली. "अजी, एखांद्या टायमाला घरी जेवा," असं त्या म्हणत आणि डबा मात्र चौघांचा बांधत, कारण वावरात बाबूजी एकटा जेवत नाही हे त्यांना ठाऊक होतं. कुटुंबाला सहलीला न्यायची त्याची कल्पना म्हणजे वावरातले रोडगे. गोवऱ्या पेटवायच्या, आर झाला की जाडसर कणकेचे गोळे त्यात पुरायचे, राख झटकून फोडायचे, तुपात बुडवायचे, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. त्या दिवशी रांधायचं पुरुषांनी. काकू निंबाखाली बसून सूचना करायच्या आणि बाबूजी त्या सगळ्या पाळायचा. घरात हे दृश्य कधी दिसत नसे. ज्वारी परवडेनाशी होऊन सगळीकडे सोयाबीन झालं, तरी नातवंडांच्या हुरड्यापुरती चार तासं तो पेरायचाच. त्यातली तीन पाखरं खात.

उरलेल्या पिकावर रोही आणि रानडुकरं येत. म्हणून मचाणावर जागल. पोरानं सौर झटका मशीन बसवून दिलं. ते चालतं का हे बाबूजीनं तारेला हात लावून पाहिलं आणि उठून अंग झटकत "चालते" असा अहवाल दिला. पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यात त्याला एकदा वाघ दाखवायला नेलं. वाघ दिसला. सगळे श्वास रोखून बसले असता हा गाइडला म्हणाला, "भाऊ, यातला एक आमच्या धुऱ्यावर धाडता येते का?" पण पुढे राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली अवनी वाघीण फिरू लागली, तेव्हा ही मागणी त्यानं मुकाट्यानं मागे घेतली. नोव्हेंबर २०१८ मध्ये ती मारली गेली, तोवर जागलीला काकूंची परवानगी लागे.

प्रवासांत त्याला एकच मानवला : यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला. १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालणारी ही नॅरोगेज गाडी इतकी सावकाश जायची, की खिडकीतून प्रत्येक वावरातली पऱ्हाटी कशी आहे ते बघता येई. आत बसल्या बसल्या तो निंदण राहिलेल्या वावरवाल्यांना ओरडून जाब विचारत असे.

मुलगा पुण्यात आयटीत लागला आणि बाबूजीला सातव्या मजल्यावर घेऊन गेला. पहाटे उठून तो खाली गेला. सोसायटीच्या बागेत हराळी माजलेली पाहून त्याला गहिवरून आलं. एवढ्या शिकल्या-सवरल्या माणसांत कोणाला निंदता येऊ नये! लोक चालायला उतरेपर्यंत त्यानं एक कोपरा मुळासकट साफ केला होता. सेक्रेटरींनी ही लॉन पैसे देऊन लावल्याचं सांगितलं. बाबूजीनं मुलाला बाजूला घेतलं. "बापू, इथं राहू नको. हे लोकं इकत घेऊन हराळी लावतेत."

वावराशेजारच्या भाऊशी त्याचं धुऱ्यावरून वर्षानुवर्षं भांडण. दोघे तहसिलीत एकमेकांविरुद्ध जात आणि येताना एकाच मोटरसायकलवर येत. हुरड्याचं पहिलं बोलावणंही त्यालाच. बाबूजी गेल्यावर पहिला खांदा भाऊनंच दिला, तेरवीच्या पंगतीत वाढपीही तोच. पुढच्या मृगाआधी त्याचा वखर एक तास आत सरकला. मुलं म्हणाली, जाऊ दे ना आई. काकूंनी सातबारा पिशवीत टाकला, भूमी अभिलेखच्या कचेरीत जाऊन मोजणीचा अर्ज भरला, आणि परत यायला सोय हवी म्हणून भाऊलाच फोन केला.