ओटीपी तुमचा, मुलगी आमची

प्रति,
मा. प्रवेश-मार्गदर्शक सर,
झेरॉक्सच्या दुकानाचा वरचा मजला,
एसटी स्टँडसमोर.

विषय : मुलीच्या बी. फार्म. प्रवेशात आपण केलेल्या बहुमोल मदतीबद्दल आभार मानणेबाबत.

महोदय,

आभार मानायला उशीर झाला, माफी असावी. पण फीचा शेवटचा हप्ता दिल्यापासून तुमचा फोन बंद लागतोय. म्हणून हे चारचौघांत लिहितो.

मी तुम्हाला आठवणार नाही. मी 22 वर्षं मेडिकलच्या काउंटरवर उभा असलेला माणूस. शिक्षण बारावी, पद मदतनीस. आमच्या दुकानात भिंतीवर फार्मसिस्टचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलंय. ते ज्यांचं आहे ते साहेब वर्षातून दोनदा येतात, त्यातला एक दिवस दिवाळीचा. औषधं नोंदणीकृत फार्मसिस्टच्या देखरेखीखाली विकावीत असं कायदा सांगतो. आमच्याकडे देखरेख ती फ्रेम करते. तिच्याखाली उभा राहून मी इतकी वर्षं पट्ट्या कापल्या, आणि एकच गोष्ट मनात धरली : घरातलं एक नाव अशा फ्रेममध्ये लागावं, आणि ते नाव असलेलं माणूस त्याच फ्रेमखाली उभं असावं.

मुलीने बारावीला पीसीबी घेतलं, सीईटी दिली. पर्सेंटाइल आल्याच्या दिवशी मी तुमच्याकडे आलो. तुम्ही स्क्रीनकडे बघून 'च्च' केलंत, खुर्चीत मागे रेललात आणि म्हणालात, "अवघड आहे. पण मी आहे ना." सर, काउंटरवर मी रोज दुखणी ऐकतो. आधी दुखणं सांगून मग गोळी विकणारी माणसं मी पाहिली आहेत. पण ताप नसताना थर्मामीटर हलवून दाखवणारे तुम्ही पहिलेच. त्या 'मी आहे ना'चे 15,000 रुपये झाले. शब्दाला 5,000. यात कुठेही हिशेबाची चूक नाही.

'अवघड' म्हणजे काय, ते मला नंतर कळलं. राज्यात फार्मसीच्या हजारो जागा दरवर्षी रिकाम्या राहतात. फार्मसी कौन्सिलने नव्या कॉलेजांवर काही वर्षांची बंदी घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली बेकायदा ठरवली. त्यानंतर तर जिथे काल ऊस होता तिथे आज कॉलेजची कमान आहे. म्हणजे अवघड होतं ते कॉलेजांना. मुलं त्यांना मिळेनात. तुम्ही मुलीसाठी कॉलेज शोधत नव्हता, कॉलेजसाठी मुलगी शोधत होता. दोन्ही बाजूंनी फी घेणारा मध्यस्थ आमच्याकडे फक्त लग्नात असतो, आणि तोही पत्रिका दोन्ही घरांना दाखवतो.

तुमची पहिली सूचना होती, "कॅप राउंडच्या भानगडीत कशाला पडता? इन्स्टिट्यूट लेव्हलला बसवून टाकू. थोडं डोनेशन लागेल." महाराष्ट्रात कॅपिटेशन फी घेण्यावर 1987 च्या कायद्याने बंदी आहे. पण तुम्ही 'डोनेशन' म्हणालात आणि आवाज खाली आणलात, म्हणजे कायद्याची चाड तुम्हाला आहे. एक बारीकशी गोष्ट सांगायची मात्र राहिली. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना 2024-25 पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, झाला तरच. इन्स्टिट्यूट लेव्हलला, म्हणजे थेट कॉलेजच्या कोट्यात, बसलं की ती माफी गेली. आमच्या आळीतली एक मुलगी तुमच्या सल्ल्याने बसली. तिचे वडील चार वर्षं पूर्ण फी भरतील. तुमचे आभार त्यांनी वेगळे मानावेत.

माझ्याकडे डोनेशनला पैसे नव्हते. केवळ गरिबीमुळे मी वाचलो, हे नमूद करतो.

मग तुम्ही ऑप्शन फॉर्म भरलात. पसंतीच्या यादीत तीनशेपर्यंत नावं टाकता येतात आणि प्रत्येक नावाला खर्च शून्य. मुलीने वहीत स्वतःची यादी केली होती. पहिलं नाव कऱ्हाडच्या शासकीय कॉलेजचं, दुसरं अमरावतीच्या. तुम्ही वही बंद करून परत दिलीत आणि म्हणालात, "बाळा, स्वप्नं बघ, पण यादी मी करतो." आणि पहिल्या नंबरवर ते कॉलेज टाकलंत, ज्याच्या भिंतींना अजून रंगाचा वास येतो आणि ज्याची कॅलेंडरं तुमच्या ऑफिसात गठ्ठ्याने पडलेली असतात.

पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की जागा आपोआप फ्रीझ होते, पुढच्या फेऱ्यांची दारं बंद. हा नियम माहितीपुस्तिकेत छापलेला आहे. मी वाचला नव्हता, तुम्हाला पाठ होता. अलॉटमेंटच्या दिवशी तुमचा मेसेज आला : "अभिनंदन! फ्रीझ झालं!" सर, आम्ही इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवतो आणि फ्रीझरपासून जपतो. एकदा गोठलं की ते फेकूनच द्यावं लागतं, नंतर कोमट करून चालत नाही. तुम्ही माझ्या मुलीची यादी गोठवलीत आणि वर पेढे मागितलेत. मी दिलेही. अर्धा किलो.

तिला कऱ्हाड मिळालंच असतं, असा माझा दावा नाही. बहुधा नसतंच मिळालं. पण नाकारायचं तर ते कऱ्हाडने नाकारायचं होतं, तुम्ही नव्हे.

मूळ कागदपत्रांचंही तसंच. हप्ते पूर्ण होईपर्यंत फाइल तुमच्या कपाटात. विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवू नका, असं यूजीसीने 2018 साली कॉलेजांना बजावलं होतं. तुम्ही कॉलेज नसल्यामुळे ते तुम्हाला लागू नाही, हा तुमचा युक्तिवाद बिनतोड आहे. आणि कागद तपासून देणारी, फॉर्म भरायला मदत करणारी सरकारमान्य सुविधा केंद्रं असतात, त्यातलं एक तुमच्या जिन्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे, हे तुम्ही सांगितलं नाहीत. दुकानदाराने समोरच्या दुकानाचा पत्ता का सांगावा?

आता मुलगी पहिल्या वर्षाला आहे. कॉलेज नवं असलं तरी शिकवणारी एक बाई कडक आहे, ते नशीब. परवा मुलीने प्रॅक्टिकलला साखरेचं सिरप बनवलं. घरी येऊन सांगत होती, औषध कितीही चांगलं झालं तरी लेबलाशिवाय ते औषध नाही. नाव, प्रमाण, बॅच नंबर, कधी बनलं, कधीपर्यंत चालेल, कोणी बनवलं. मी उठून तुमची पावती काढली. कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे पेन्सिलीने लिहिलंय : 'सेवा – 15,000.' तिने ती उजेडात धरली, उलटसुलट केली आणि विचारलं, "पप्पा, यावर बनवणाऱ्याचं नाव कुठाय?"

मी गप्प बसलो, सर. कारण त्या सेवेत एक घटक माझाही होता. फॉर्मवर मोबाइल नंबर तुमचा होता. ओटीपी तुम्हाला, मेसेज तुम्हाला, पासवर्ड तुम्हाला. पण तो टाकायला तुम्ही सांगितलं नव्हतं. मीच म्हणालो होतो, "सर, तुमचाच टाका, आम्हाला त्यातलं कळत नाही." मुलगी शेजारच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर वही घेऊन. तिला कळत होतं. दुसऱ्याच्या नावाखाली 22 वर्षं उभं राहिलं की माणसाला तीच सवय लागते. तुम्ही फक्त सवयीचे पैसे घेतलेत.

धाकट्याची सीईटी पुढच्या वर्षी आहे. फॉर्म त्याची ताई भरणार आहे, त्याच्या नंबरवरून, त्याच्या यादीप्रमाणे. तुम्हाला तसदी नाही.

आपला आभारी,
काउंटरमागचा मदतनीस

ता. क. : फॉर्मसाठी म्हणून तुम्ही मुलीचे आठ फोटो घेतले होते. एक कुठे लागला ते काल एसटी स्टँडवर दिसलं : 'आमचे यशस्वी विद्यार्थी' या फ्लेक्सवर, डावीकडून तिसरी. तो उतरवावा. त्या फोटोसाठी दुसरी एक भिंत ठरलेली आहे, आणि तिथे फोटोखाली ती स्वतः उभी असेल.