बारा क्रेडिटचा वनवास

समाजशास्त्रात पीएचडी करायची तर आधी समाज कळला पाहिजे, असा काहींचा गैरसमज असतो. तसं काही नाही. आधी कोर्सवर्क करावं लागतं.

विद्यापीठ अनुदान आयोगाने ते 2009 च्या नियमावलीत आणलं. नोव्हेंबर 2022 च्या नियमावलीनुसार आता किमान 12 क्रेडिट लागतात, त्यात संशोधन आणि प्रकाशनाची नीतिमत्ता हा विषय धरून. पास व्हायला 55 टक्के. पांडवांना 12 वर्षं वनवास होता आणि एकच वर्ष अज्ञातवास. इथे वनवास 12 क्रेडिटचा आणि अज्ञातवास पुढची पाच-सहा वर्षं. त्या काळात गाईड विद्यार्थ्याला सापडत नाही आणि विद्यार्थी गाईडला.

नियमात खोट नाही, हे आधीच सांगून टाकतो. ज्याला मुलाखत आणि चौकशी यातला फरक कळत नाही, त्याला संशोधक म्हणून गावात सोडणं गावाच्या दृष्टीने बरं नाही. खोट आहे ती उरकण्यात. पहिल्या तासाला संशोधनाच्या व्याख्या, दुसऱ्या तासाला संशोधनाची वैशिष्ट्ये. भिंतीवर स्लाईड, बाकाखाली मोबाईल. रजा टाकून आलेले प्राध्यापक विद्यार्थी म्हणून सहीपुरते बसतात. परीक्षेच्या आदल्या रात्री सीनियरच्या नोट्सची झेरॉक्स फिरते आणि तिच्याच जोरावर नीतिमत्तेचा पेपर सुटतो!

नीतिमत्तेचं निघालंच आहे तर ऐका. आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार प्रबंधात दुसऱ्याच्या मजकुराशी 10 टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. 60 च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. डिसेंबर 2023 मध्ये बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपसाठी परीक्षा झाली. उमेदवारांच्या हाती पडला तो 2019 च्या सेट परीक्षेचा पेपर. साम्य मोजायला सॉफ्टवेअरची गरजच पडली नाही.

त्याच महिन्यात विधान परिषदेत कोल्हापूरच्या सतेज पाटलांनी सारथीच्या फेलोशिपचा विषय काढला, तेव्हा त्या वेळचे उपमुख्यमंत्री अजितदादा पवार यांनी विचारलं, पीएचडी करून काय दिवे लावणार?

या प्रश्नाचं उत्तर 1916 सालचं आहे. त्या वर्षी 9 मे रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या सेमिनारमध्ये 25 वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. म्हणजे कोर्सवर्कच की! पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला आणि आजही जातीवर लिहिणाऱ्याला त्याला वळसा घालून जाता येत नाही. त्या शिक्षणाचे पैसे बडोद्याच्या सयाजीरावांचे होते. 1920 मध्ये पुन्हा लंडन गाठायचं ठरलं, तेव्हा मदतीला कोल्हापूरचे शाहू महाराज होते. ‘सारथी’ला नाव आहे ते याच शाहूंचं.

आता आपल्या कोल्हापूरकडचा ‘विषय हार्ड’ बघा. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये ठराव केला : नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावानंतर किती घरांत बांगड्या राहिल्या, सासूने काय केलं, भावकी काय बोलली, हे हेरवाडात बसून विचारावं लागतं. शेजारी इचलकरंजीचे यंत्रमाग आहेत, हंगामात फडावर ऊसतोड टोळ्या आहेत, 2019 आणि 2021 च्या महापुरात बुडालेली गावं आहेत. समाजशास्त्राला याहून जास्त काय लागतं?

लागतं ते शीर्षक. ‘अमुकतमुकचा समाजशास्त्रीय अभ्यास : विशेष संदर्भ शिरोळ तालुका.’ तालुका शीर्षकात येतो, संशोधक तालुक्यात जात नाही. गूगल फॉर्म मात्र व्हॉट्सअ‍ॅपच्या सगळ्या ग्रुपवर पोचतो. ‘आपल्या गावात जातिभेद आहे का? हो / नाही.’ 87 जण ‘नाही’ म्हणतात, त्याचा पाय-चार्ट निघतो आणि जातिभेद संपतो.

गाईड मंडळींना एवढंच सांगणं आहे. व्याख्या पुस्तकात आहेत, तिथेच राहू द्या. विद्यार्थ्याला महिनाभर एका गावात पाठवा. परत आल्यावर स्वतःच्या शब्दांत एक निबंध लिहायला लावा, तो सगळ्यांसमोर वाचायला लावा आणि दोन तास उलटतपासणी घ्या. जो टिकला नाही, त्याला 55 टक्के देऊ नका. नापास करण्याची सोय आयोगाने नियमातच ठेवली आहे, ती एकदा वापरून बघा.