बर्फ पॅकेजमध्ये नाही

सिमला-मनालीच्या सहलीचं पत्रक उघडलं की पहिल्याच पानावर बर्फ. रोहतांगचा. त्यात पिवळेजर्द कोट घातलेलं एक कुटुंब एकमेकांवर बर्फाचे गोळे फेकत असतं आणि खाली ठळक अक्षरांत जाहीर केलेलं असतं: पाच रात्री, सहा दिवस, माणशी इतके हजार. आकड्याच्या डोक्यावर एक इवलीशी चांदणी. तिचा खुलासा शेवटच्या पानाच्या तळाशी, मुंगीच्या पावलांएवढ्या टायपात. तिथवर पोचणारा वाचक बहुधा सहल उरकून घरी परतलेला असतो.

मे महिन्यात मनालीच्या कुठल्याही हॉटेलात डोकवावं, जेवणघरात मराठी कानावर पडतंच. नाशिककडचा असाच एक गट समजा. चार कुटुंबं, दोन शाळकरी मुलं, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आणि काकू. सोबत कंपनीचा टूर मॅनेजर, पंचविशीतला, हसतमुख. त्याच्या तोंडी एकच पालुपद: "काका, ते पॅकेजमध्ये येत नाही."

पहिला धक्का नाशकातच बसलेला. पत्रकावरच्या दरात पाच टक्के जीएसटी धरलेला नव्हता. दुसरा विमानतळावर. देशांतर्गत विमानात बहुतेक कंपन्या माणशी १५ किलो सामान फुकट नेऊ देतात, पण भडंग, चकल्या आणि खाकऱ्यांचा विचार त्या नियमात झालेला नाही. काकूंची बॅग वजनकाट्यावर चढली, पुढे काय झालं ते पावतीनं सांगितलं.

मग गाडी. पत्रकात 'वातानुकूलित वाहन' असं स्वच्छ छापलेलं. चंदीगडपर्यंत एसी छान चालला, पुढे घाट लागला तसा ड्रायव्हरनं बटण फिरवलं. "सरजी, पहाड में एसी नहीं चलेगा." काकांनी पत्रक काढून दाखवलं. ड्रायव्हरनं त्याच पत्रकाच्या शेवटच्या पानावर बोट ठेवलं: डोंगराळ भागात एसी बंद राहील. हेही छापलेलंच होतं. चढावर इंजिनावर ताण येतो हे खरंच आहे, त्यामुळे ड्रायव्हरशी भांडण्यात अर्थ नव्हता. काका तरी भांडले.

सिमल्याच्या माल रोडवर पर्यटकांच्या गाड्यांना बंदी आहे. खालच्या कार्ट रोडवर उतरायचं आणि लिफ्टनं वर जायचं. लिफ्टला तिकीट. किरकोळ रक्कम, पण पॅकेज घेतलेल्या माणसाला रकमेचं दुःख नसतं, पाकीट काढावं लागण्याचं असतं.

खरी गंमत कुफरीला. 'कुफरी दर्शन' पॅकेजमध्ये होतं, आणि कंपनी काही खोटं बोलली नव्हती. गाडी जिथे थांबते तिथून कुफरी दिसतेच. पुढे महासू शिखराच्या बाजूला जायचं तर चिखल, दगड आणि घोड्यांची लीद तुडवत चालायचं, नाहीतर घोडा करायचा. घोडेवाला काकांना "बाबूजी" म्हणाला आणि दराची पाटी दाखवली. काका उद्गारले, "हमको पॅकेज में है बोला था." घोडेवाल्यानं अतिशय नम्रपणे विचारलं, "किसका पॅकेज, बाबूजी?" या प्रश्नाला उत्तर नव्हतं. घोड्याचा आणि नाशिकच्या कचेरीचा काडीमात्र संबंध नव्हता. वर पोचल्यावर याकवर बसून फोटोचे पैसे, दुर्बिणीतून हिमशिखरं बघण्याचे पैसे. याकनं मात्र कुणाकडेच ढुंकून पाहिलं नाही.

मनालीत खोलीचा प्रश्न निघाला. मुलासाठी 'एक्स्ट्रा बेड'चे पैसे भरलेले होते. रात्री नऊ वाजता दोन पोरं एक गादी खांद्यावर घेऊन आली आणि खाली अंथरून गेली. बेड कुठाय? तर हाच बेड. हॉटेलांच्या व्यवहारात जमिनीवरची गादीसुद्धा बेडच असते, आणि तीन माणसांनी एका खोलीत राहण्याचा जो दर छापलेला असतो, तो ती गादी धरूनच. हीटर हवा तर त्याचं रोजचं भाडं वेगळं. नाश्ता आणि रात्रीचं जेवण पॅकेजमध्ये होतं. सकाळी सहाचा चहा नव्हता. आठला मिळणाऱ्या नाश्त्यापर्यंत चहावाचून बसून राहील असा मराठी पर्यटक अजून जन्माला यायचाय. खोलीवर चहा येत राहिला, कागदावर सह्या होत राहिल्या.

यावर कडी करायची तर डिसेंबरात जावं. २४ आणि ३१ तारखेला पुष्कळ हॉटेलांत 'गाला डिनर' सक्तीचं असतं. वरणभात खाऊन नऊला झोपणाऱ्या माणसानेही रात्री दहाला सुरू होणाऱ्या डीजेचे पैसे भरायचे. झोप येत नाही ती फुकट.

आता रोहतांग, म्हणजे ज्या फोटोपायी सगळे निघाले होते तो. ही खिंड ३,९७८ मीटर उंचीवर आहे. गाड्यांच्या धुरानं तिथलं बर्फ काळवंडू लागलं तेव्हा राष्ट्रीय हरित लवादानं पर्यटकांच्या वाहनांवर मर्यादा घातली: दिवसाला १,२०० गाड्या, त्यांत ८०० पेट्रोलच्या आणि ४०० डिझेलच्या. त्यासाठी ऑनलाइन परवाना काढावा लागतो. परवान्याची फी गाडीमागे ५०० रुपये, वर गर्दीचं शुल्क ५०. माणशी भागलं तर वडापावाच्या हिशेबात बसेल इतकंच. पण टूर मॅनेजरनं सांगितलेला आकडा हजारांत होता, कारण गटाची गाडी 'पॉइंट टू पॉइंट' होती; हॉटेलपासून ठरलेल्या ठिकाणापर्यंत आणि परत. रोहतांगला स्थानिक टॅक्सी वेगळी करायची, आणि हंगामात तिचा भाव परवान्याच्या तुटवड्यावर ठरतो. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

"मग पहिल्या पानावर फोटो कशाला छापला?" काकूंनी विचारलं. अख्ख्या सहलीत हा एकच प्रश्न मुद्द्याचा होता. मॅनेजर म्हणाला, "काकू, तो प्रातिनिधिक आहे."

टॅक्सी झाली. मनाली सोडली की रस्त्याच्या कडेला बर्फाचे कोट भाड्यानं देणाऱ्या दुकानांची रांग सुरू होते. दुकानांना नावं नाहीत, नंबर आहेत. ड्रायव्हर वाटेतली पंचवीस दुकानं सोडून नेमक्या एकाच नंबरासमोर गाडी उभी करतो. का, हे विचारायचं नसतं. काकांना मिळाला तो पायापासून गळ्यापर्यंत एकसंध, गुलाबी रंगाचा सूट; चेन अर्ध्यावर अडकणारी, खिशात आधीच्या गिऱ्हाइकाचं पॉपकॉर्न. काकूंनी आपला सूट साडीवरून चढवला तेव्हा आतल्या निऱ्यांनी असा काही आकार घेतला की दुकानदारानं बुटांचे पैसे मागायला क्षणभर उशीर केला. या सुटात माणूस एकदा शिरला की नैसर्गिक विधी हा विषय परतेपर्यंत बंद. वर पोचले तर लख्ख ऊन. अर्ध्या तासात सगळा गट गुलाबी-हिरव्या सुटांत घामाघूम होऊन मॅगी खात बसला होता. मॅगीही पॅकेजमध्ये नव्हती, पण तोवर कुणी विचारायचंच सोडलं होतं.

निघायच्या सकाळी हॉटेलच्या काउंटरवर बिल आलं. काकांनी चष्मा पुसला, पेन काढलं आणि बँकेत छत्तीस वर्षं जे केलं तेच केलं: एकेका ओळीवर खूण. चहा बरोबर. पाण्याच्या बाटल्या बरोबर. हीटर दोन रात्रींचा, लावला एकच रात्र. शेकोटी, तीनशे रुपये. "हम तो आठ बजे ही सो गया था," काका म्हणाले. कारकुनानं वाद न घालता ओळ खोडली; तो जणू वाटच बघत होता. खाली दहा टक्के सेवाशुल्क. काकांनी फोनवर जपून ठेवलेली बातमी उघडली: ४ जुलै २०२२ च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलांना आणि रेस्टॉरंटना जेवणाच्या बिलात सेवाशुल्क आपणहून लावता येत नाही, ते ग्राहकाच्या खुशीवर असतं, मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही त्या सूचना उचलून धरल्या. तेही खोडलं गेलं. बाकी तीन कुटुंबांनी रांगेत उभं राहून हे पाहिलं आणि आपापली बिलं उघडली. बस पाऊण तास उशिरा सुटली.

परदेशात हेच, फक्त युरोत. व्हेनिसनं २०२४ पासून वर्षातल्या ठरावीक दिवशी, नुसतं दिवसभरासाठी गावात येणाऱ्या पर्यटकांकडून प्रवेशशुल्क घ्यायला सुरुवात केली. सुरुवातीला ते ५ युरो होतं. तिथल्या गोंडोल्याचा दिवसाचा अधिकृत दर अर्ध्या तासाला ९० युरो, गाणं वेगळं. स्वच्छतागृहाला नाणं लागतं, आणि कोचच्या चालकाची व टूर मॅनेजरची टिप माणशी रोजच्या दरानं आधीच ठरलेली असते, बक्षीस खूश होऊन द्यायचं ही आपली समजूत बाजूला ठेवून. मात्र युरोपियन संघाचा पॅकेज सहलींचा निर्देश आहे २०१५ चा. करारानंतर कंपनीनं किंमत ८ टक्क्यांहून जास्त वाढवली, तर प्रवाशाला दंड न भरता सहल रद्द करता येते. आपल्याकडे अशी टक्क्यांत आखलेली रेघ नाही.

या सगळ्यात चोर कोण? घोडेवाला नव्हे, त्याच्या दराची पाटी उन्हात उभी असते. कोटवाला थोडा, ड्रायव्हर थोडा. पण रोहतांगचा परवाना लागतो, मे महिन्यात टॅक्सी महाग होते, घाटात एसी बंद होतो, हे सगळं नाशिकच्या कचेरीत बसलेल्या माणसाला पत्रक छापतानाच पाठ असतं. त्याच्या 'समाविष्ट नाही' या यादीतली शेवटची ओळ सर्वांत महाग: 'वर स्पष्ट उल्लेख नसलेली कोणतीही गोष्ट'. या एका ओळीत याक, मॅगी, हीटर, लिफ्ट, सगळे मावतात. गंमत म्हणजे 'समाविष्ट' यादीत 'आगमनप्रसंगी स्वागतपेय' मात्र स्वतंत्र क्रमांक देऊन छापलेलं असतं.

ऑनलाइन बुकिंगमध्ये आधी कमी किंमत दाखवून पैसे भरताना टप्प्याटप्प्यानं शुल्क चढवणं, हा प्रकार केंद्र सरकारनं ३० नोव्हेंबर २०२३ च्या सूचनांत फसव्या युक्त्यांमध्ये धरला आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, आणि २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते. मनालीला परत जावं लागत नाही. पण त्यासाठी कागद लागतो. फोनवरचं "होऊन जाईल काका, काळजी नको" आयोगापुढे टिकत नाही. तेव्हा आगाऊ रक्कम भरण्याआधी पहिल्या पानावरच्या फोटोतली जागा कार्यक्रमात आहे का, असेल तर कुठल्या गाडीनं आणि कुणाच्या पैशांनी, एवढं ईमेलवर लिहून घ्यावं.

आणि एक. दुरुस्तीसाठी रोहतांगचा रस्ता पर्यटकांच्या गाड्यांना दर मंगळवारी बंद असतो. ज्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत 'चौथा दिवस, मंगळवार: रोहतांग' असं छापलं असेल, त्यांनी कंपनीला आजच फोन करावा.