खापरपणजोबांची वर्गणी

माणूस निवृत्त झाला की त्याला दोन गोष्टींची आठवण होते: गुडघे आणि पूर्वज. गुडघ्यांसाठी डॉक्टर असतात. पूर्वज मात्र रात्री जेवणं आटोपल्यावर स्वतःच संगणकासमोर बसून शोधावे लागतात. आमच्या दादांना, म्हणजे थोरल्या चुलतभावाला, हा नाद लागला तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी एका परदेशी संकेतस्थळाची वर्षाची वर्गणी भरून टाकली. फुकटातला पूर्वज कसा निघेल काय सांगावं, पैसे मोजले की तो खात्रीचा, असं त्यांचं म्हणणं. आंबे घेतानाही त्यांचं हेच धोरण असतं.

वर्गणी जमा होताच संकेतस्थळानं विचारलं, आजोबांची जन्मतारीख काय? घोडं तिथेच अडलं. आमचे आजोबा प्लेगच्या साली जन्मले. त्यांची थोरली बहीण मानमोडीत, म्हणजे १९१८च्या साथीत गेली. आणि दादांच्या वडिलांना तारीख मिळाली ती शाळेत नाव घातलं तेव्हा, मास्तरांच्या हातून: १ जून. महाराष्ट्रातली निम्मी जुनी पिढी १ जूनला जन्मली आहे. त्या दिवशी घरोघरी एवढी बाळंतपणं कोणी उरकली असतील, हे कोड्यात टाकणारं आहे, पण मास्तरांना पहिलीत घालण्यापुरतं वय जुळवायचं होतं आणि त्यांनी ते जुळवलं. परदेशी संगणकाला हे समजावून सांगण्यासाठी त्या पानावर रकाना नव्हता.

मग आडनाव. आम्ही पाटील. ते भरताच संकेतस्थळाला आनंदाचं भरतं आलं. खानदेशातले पाटील, बेळगावकडचे पाटील, न्यू जर्सीतले पाटील, सगळे आमचे संभाव्य नातेवाईक म्हणून रांगेत उभे राहिले. पाटीलकी हे पद होतं. गावोगाव वेगवेगळ्या घरांकडे होतं. १९६२च्या कायद्यानं वंशपरंपरेचं पद गेलं, आडनाव तेवढं राहिलं. आमच्याच भावकीतली एक शाखा गावाच्या नावाला ‘कर’ जोडून मुंबईत गिरणीत लागली, ती या रांगेत कुठेच नव्हती.

यात त्या संकेतस्थळाचा दोष आहे असं मला वाटत नाही. अॅन्सेस्ट्री काय, फाइंडमायपास्ट काय, ही दुकानं ज्या मुलखांच्या दप्तरावर उभी आहेत तिथे सरकार दर दहा वर्षांनी माणसांची नावानिशी मोजणी करतं आणि कुठे बहात्तर, कुठे शंभर वर्षांनी ती पानं लोकांसाठी उघडतं. इंग्लंड-वेल्सची १९२१ची जनगणना जानेवारी २०२२ मध्ये अशीच उघडली, तेही सुरुवातीला पानाला पैसे मोजून. आपल्याकडेही इंग्रजांनी शिरगणती केली, पुढे आपल्या सरकारनं केली. पण १९४८च्या जनगणना कायद्यानं व्यक्तीची माहिती बंद; बाहेर येतात ते फक्त आकडे. आमचे आजोबा जनगणनेत आहेत, नाही असं नाही. पण बेरजेत आहेत.

तेव्हा फुकट घ्यावं की विकत, हा प्रश्न माझ्या मते दुसरा. पहिला प्रश्न असा, की आपल्या पणजोबांचं नाव लिहून ठेवण्याची गरज कोणाला पडली होती? शेतावर राबणाऱ्या माणसाचं नाव कोणी हौसेनं लिहून ठेवत नाही. लिहिणाऱ्याला काहीतरी हवं असतं: सारा, दक्षिणा, सही, नाहीतर शिपाई.

दक्षिणा हवी होती ती तीर्थोपाध्यायांना. नाशिकला, त्र्यंबकेश्वरला पिंडदानाला गेलं की उपाध्ये आधी गाव विचारतात, मग आडनाव, आणि वही काढून तुमच्या पणजोबांनी स्वतः येऊन कोणाकोणाची नावं घातली ते वाचून दाखवतात. या नामावळीची वर्गणी नाही. यथाशक्ती द्यायचं असतं. मात्र उपाध्यायांच्या नजरेला तुमची शक्ती तुमच्यापेक्षा लवकर कळते.

गंमत अशी, की जगातला सगळ्यात मोठा फुकट खजिनाही असाच पितरांच्या पोटी जन्मला. फॅमिलीसर्च हे संकेतस्थळ अमेरिकेतल्या युटामधलं मॉर्मन चर्च चालवतं. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे दिवंगत पूर्वजांसाठी मंदिरात विधी करता येतो, आणि विधीला नाव लागतं. म्हणून १८९४ साली संस्था काढली, १९३८ पासून जगभरच्या नोंदवह्यांची मायक्रोफिल्म केली, आणि आता ती पानं कुणालाही बिनपैशानं पाहता येतात. त्यात हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यासुद्धा आहेत. गंगेकाठची बही सॉल्ट लेक सिटीमार्गे फिरून सोलापुरात कुणाच्या फोनवर उघडते. पितरांना एवढा प्रवास कुठल्याच पुराणात सांगितलेला नाही. फक्त नाव टाकलं आणि पणजोबा हजर झाले, असं तिथे होत नाही. पानामागून पान उलटत बसावं लागतं, आणि अक्षर ज्याचं त्याला लखलाभ.

सारा हवा होता तो सरकारला, आणि आमच्यासारख्या कुणब्याच्या घराचा खरा ग्रंथपाल म्हणजे तलाठी. आजचा सातबारा संगणकावर फुकट पाहता येतो, डिजिटल सहीचा हवा असेल तर १५ रुपये. पण वंशावळ सातबाऱ्यात नसते, ती फेरफारात असते. खातेदार मयत झाला की वारस नोंदवतात: बायको, मुलगे, मुली, कुणाचं वय किती, कोण अज्ञान, अज्ञानाचा पालक कोण. काही जिल्ह्यांतले जुने फेरफार आता ‘आपले अभिलेख’वर स्कॅन होऊन आले आहेत. दादांना वर्षाच्या वर्गणीत जे सापडलं नाही ते त्यांना एका फेरफाराच्या अर्ध्या पानावर मिळालं: आमच्या सगळ्या आत्या, वयानुसार, सासरच्या गावांसकट. एरवी घरातल्या वंशावळीच्या कागदावर एकही आत्या नाही. तो कागद वाचावा तर आमच्या घराण्यात चार पिढ्या फक्त मुलगेच मुलगे झाले आणि तेही बहुधा आपोआप. फेरफाराला मात्र आत्या लागल्या, कारण त्यांनी भावांच्या लाभात हक्कसोड करून दिली होती. बाईचं नाव दप्तरी चढलं ते उतरवण्यासाठी.

मी हे दादांना म्हणाले. ते म्हणाले, “अगं, नोंद तर मिळाली ना?”

जन्ममृत्यूच्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात. कित्येक वर्षं या वह्या तहसिलीच्या अभिलेख कक्षात कसरीला चारा म्हणून पडून होत्या. २०२३ साली मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली, आणि ती पानं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. ज्यांना कधी वंशावळीत रस नव्हता अशी घरं पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यासाठी रात्र रात्र जागली. मोडी वाचणाऱ्या माणसाला लग्नकार्यात “याचा उपयोग काय हो?” असं विचारत, त्याच्या दारात रांगा लागल्या. हे सगळं फुकट उपलब्ध झालं, पण कुणाच्या हौसेखातर नव्हे.

पैसे टाकून परदेशी दप्तर कोणी धुंडाळावं? ज्याचा माणूस समुद्र ओलांडून गेला त्यानं. रत्नागिरीकडून मुंबईमार्गे मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांची नोंद तिथल्या सरकारनं नेटकेपणानं केली: क्रमांक, बापाचं नाव, गाव, वय, उंची, पुढेपुढे छायाचित्रही. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या वह्या आहेत. मळेवाल्याला पळून गेलेला मजूर ओळखायचा होता, म्हणून त्याच्या नातवाच्या नातवाला आज खापरपणजोबांचा चेहरा दिसतो. घरी राहिलेल्या भावाचा चेहरा कोणालाच माहीत नाही.

शिपायांचं थोडं वेगळं आहे. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या, कूतच्या वेढ्यात सापडल्या. बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी सैन्यातल्या अधिकाऱ्यांचीच नावं कोरली. साध्या शिपायांची फक्त संख्या. ती नावं आता राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात, काहींच्या नावापुढे बापाचं नाव आणि साताऱ्याकडचं गावही असतं. स्पेलिंग मात्र गोऱ्या कारकुनानं जसं ऐकलं तसं, त्यामुळे आपलं नाव पाच-सहा तऱ्हांनी चुकवून टाकून पाहावं.

अमेरिकेतल्या भाच्यानं नळीत थुंकी भरून एका कंपनीला पाठवली होती. डॉलर मोजल्यावर त्याला कळलं की तो दक्षिण आशियातला आहे. हे त्याच्या आईनं फोनवर फुकट सांगितलं असतं.

आणि आत्या. नव्वदीच्या आत्याकडे वर्गणी नाही, पासवर्ड नाही, पण शोधयंत्र तिचं स्वतःचं आहे. ती सनावर चालत नाही, लग्नांवर चालते. “बाबूच्या लग्नात पंगतीला पाऊस आला, तेव्हा यमी पाळण्यात होती,” एवढ्यावर एक जन्म आणि एक विवाह नक्की होतो. मध्ये कोणी तिला “साल कोणतं?” म्हणून टोकलं की ती यंत्र बंद करून चहा मागते. दादा टोकतातच.

शेवटी दादांनी परदेशी वर्गणी पुढे न वाढवता ते पैसे एका मोडी वाचकाला दिले. माळ्यावरच्या पेटीत एक जुना मोडी कागद होता. छत्रपतींच्या सहीची सनद असावी अशी घरात पिढ्यान्‌पिढ्या समजूत होती, दसऱ्याला त्याला सोनंही वाहिलं जायचं. वाचल्यावर तो कर्जरोखा निघाला. बैलजोडीसाठी घेतलेली रक्कम, व्याज, तारण ठेवलेलं शेत, आणि ज्यांच्या शोधात दादांनी दोन वर्षं घातली ते तीन भाऊ, त्यांचा बाप, त्याचाही बाप, सगळे ओळीनं, निशाणी नांगर. सावकारानं कुणालाही सोडलं नव्हतं; एकजण मेला तर दुसऱ्याकडून वसूल करता यावं म्हणून त्यानं तीन पिढ्या व्यवस्थित मांडून ठेवल्या होत्या.

दादांनी ते वाचन घराण्याच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकलं. सनदेबद्दल कोणी काही बोललं नाही. धाकट्या पुतण्यानं तेवढं विचारलं, कर्ज फिटल्याची नोंद कुठे आहे का? असायला हवी. त्या सावकाराच्या घराण्याचा जाडजूड कुलवृत्तांत छापलेला आहे, कोणीतरी तो स्कॅन करून चढवलाही आहे, आणि एक पैसाही न देता तो उतरवून घेता येतो. दुवा गटावर आहे. अजून कोणी उघडलेला नाही.